बक्षीस कोणास द्यावे?
(बालसंगोपनाच्या स्पर्धांवरून एक पाठ)

मूल गुटगुटीत असले म्हणजे लोक आईस वाखाणितात. ते किरकोळ असले म्हणजे तिलाच बोल लावितात. हा न्याय खरा आहे काय? या पाठात आपण त्याचा विचार करू.

१. केंद्रे का निघाली? १९०० साली इंग्लंडात जन्मलेल्या दर १,००० मुलांपैकी सुमारे १५० मुले वर्षाच्या आत दगावत. उन्हाळ्यातील हगवण हे त्याचे एक मोठे कारण होय. दुधाच्या बाटलीस लांब नळी असे. ती आतून स्वच्छ होत नसे, आणि दुधाबरोबर रोगही पोटात जाई. १९०७ साली लंडनच्या सेंट पँक्रस भागात मातांची शाळा उघडली. तेथे मुलांची वजने घेत, अंगावर पाजणाऱ्या गरीब मातांस स्वस्तात जेवण देत, व पित्यांसही संध्याकाळी चार गोष्टी सांगत. अशा केंद्रांतून केळ्यांच्या खोक्याचा पाळणा करावयास शिकवीत.

२. स्पर्धा कशाची? १९१७ च्या जुलैत इंग्लंडात राष्ट्रीय शिशुसप्ताह पाळला गेला; आपल्या देशात लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने तो १९२४ साली सुरू झाला. केंद्रांतील मातृकौशल्याच्या स्पर्धांत बाळाची अंगडी शिवणे, संगोपनाच्या प्रश्नांची उत्तरे देणे, अशा गोष्टी पाहत. ही विद्या शिकणाऱ्या कोणासही येण्याजोगी होती.

३. दुसरे माप. अमेरिकेत आयोवाच्या जत्रेत १९११ साली मुलांचीच परीक्षा झाली. गुरांची पारख करावी त्याप्रमाणे त्यांस मोजूनमापून गुण दिले. पुढे १९२० साली कॅन्ससच्या जत्रेत कुटुंबांची स्पर्धा निघाली; तीत कुळाची पारख होऊ लागली, आणि उच्चनीच भाव शास्त्राचा अंगरखा घालून आला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांस या चालीचा दोष निराळा सांगावयास नको.

४. आपल्या गावी काय करावे? वजन अवश्य घ्यावे. परंतु ते शेजाऱ्याच्या मुलाशी ताडून पाहू नये, त्याच मुलाच्या मागील महिन्याच्या वजनाशी पाहावे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध दिले काय? लशी वेळेवर टोचविल्या काय? जुलाब लागताच मीठसाखरेचे पाणी पाजून दवाखाना गाठला काय? भरविण्यापूर्वी हात साबणाने धुतले काय? बापाने यात कोणता भार उचलला? बक्षीस यावर द्यावे. अपुऱ्या दिवसांचे मूल कडेवर घेऊन, मजुरी बुडवून, दरमहा केंद्रात चालत येणारी माता आम्हांस पहिल्या मानाची वाटते. तिचे मूल हलके असेल, तिची मेहनत हलकी नाही. ती एकदा लोकांत लाजली, तर पुन्हा येणार नाही. आणि जिला मदतीची सर्वांत अधिक गरज तीच दूर राहील.

विचारावयाचे प्रश्न :
(१) लंडनच्या शाळेत मातांस उपदेशाबरोबर जेवण का दिले असावे?
(२) आयोवाच्या परीक्षेत कोणता दोष होता?
(३) आपल्या वस्तीत लाजेमुळे केंद्रात न येणारी माता कोण, व तिच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?