कार्यशाळेचा कायापालट



आंग मो किओच्या उन्हातून घरी आलो की आपला पहिला हात कुठे जातो? एसीच्या बटणावर! आमच्याही घरी तेच. वर आम्ही अभियंते. बिल वाढले की नवे यंत्र घ्यावे एवढेच आम्हांला सुचते. म्हणून आजचा धडा तुमच्याइतकाच आमच्यासाठीही आहे.

आपल्यापासून फार दूर नाही, ब्रॅडेल रोडवर, बीसीए या सरकारी संस्थेच्या अकादमीत एक जुनी तीन मजली कार्यशाळा होती. ती पाडली नाही. तिचेच रूपांतर करून २००९ साली कचेऱ्या आणि वर्गखोल्या असलेली ‘शून्य ऊर्जा इमारत’ तयार झाली. जुनी वास्तू सुधारून केलेली अशी सिंगापुरातली ती पहिलीच.

शून्य म्हणजे वीज वापरायचीच नाही, असे नव्हे. वर्षभरात जेवढी वीज खर्च होईल, तेवढी सौर पट्ट्यांतून जमा करायची. दुपारी उरलेली वीज शहराच्या जाळ्यात द्यायची, कमी पडेल तेव्हा परत घ्यायची. वर्षअखेरीस जमा वजा खर्च बरोबर शून्य!

पण क्रम लक्षात ठेवा : आधी खर्च कमी केला, मग वीज तयार केली. खिडक्यांना आडव्या फळ्या बसवल्या. त्या ऊन अडवतात आणि उजेड आत छताकडे पाठवतात. आतल्या खोल्यांत आरशांच्या नळ्यांतून उजेड आणला. छपरावर सौर धुराडी उभारली. धुराडे उन्हाने तापले की आतली गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी खालून बाहेरची हवा येते. पंख्याविना वारा!

गावच्या घरातले काचेचे कौल आणि भिंतीतला झरोका हेच काम करत. आजीला फोन कराल तेव्हा जरूर विचारा.

फ्लॅटच्या भिंती आपण बदलू शकत नाही, क्रम मात्र पाळू शकतो : आधी पडदा, मग खिडकी, मग पंखा आणि शेवटी बटण.

शब्दार्थ : कायापालट – पूर्ण बदल, झरोका – हवा-उजेडासाठी ठेवलेली लहान खिडकी, धुराडे – धूर बाहेर जाण्याचा उंच मार्ग.

गृहपाठ : हजार वॉटचे यंत्र तासभर चालले की एक युनिट वीज लागते. मग ५० वॉटचा पंखा एका युनिटात किती तास फिरेल? उत्तर मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा.