बटण गुलाब आजारी पडला तर?

मुलांनो, जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या द्राक्षबागांत भुरी पाहिलीत ना? कुंडीतल्या बटण गुलाबाच्या कोवळ्या पानांवरही तशीच पांढरी पावडर धरते. बुरशी वेगळी, पण उपाय तोच : एक लिटर पाण्यात २ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, सकाळी फवारायचं. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

शेंड्याला चिकटलेले हिरवे किडे म्हणजे मावा. जोराच्या पाण्यानं धुवा, मग निंबोळी अर्क फवारा.

पानं फिकट, ठिपकेदार झाली, पण किडा दिसत नाही? पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर लाल कोळी! त्याला आठ पाय, म्हणजे तो कीटक नाही. भलतंच कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि कोळी वाढतो.

म्हणून आधी ओळख, मग औषध. आणि फवारणी मोठ्यांनीच करायची.