नाताळचा रोस्ट आणि वर्गाचा नियम



नाताळच्या दिवसांत अंधेरीच्या मरोळ गावठाणात किंवा बोरिवलीजवळच्या गोराईत गेलात, तर ईस्ट इंडियन घरांतून खमंग वास येतो. मराठी बोलणारे हे ख्रिस्ती लोक मुंबईचे जुने रहिवासी. १८८७ साली त्यांनी हे नाव धारण केले. त्यांच्या सणाच्या जेवणात डुकराच्या मांसाला मान असतो. समजा, आज बेत आहे रोस्ट आणि अननसाच्या आंबटगोड चटणीचा.

आता एक गणित. उकळत्या रसात ५ सेंटिमीटर जाडीचा तुकडा आतपर्यंत शिजायला ४० मिनिटे लागली. १० सेंटिमीटर जाडीला किती? "८० मिनिटे" म्हणाल, तर फसाल! उत्तर आहे १६०.

असे का? उष्णता बाहेरून आत वहनाने जाते. जाडी दुप्पट झाली की तापवायचे मांस दुप्पट होते. शिवाय तापमानातला तोच फरक दुप्पट अंतरावर पसरतो, म्हणून उष्णता निम्म्या वेगाने वाहते. दुप्पट काम, निम्मा वेग. म्हणजे वेळ चौपट. वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो तो असा.

हा नियम विसरणे धोक्याचे आहे. रस आटला की पृष्ठभाग १०० अंशांच्या वर तापतो आणि तांबूस होतो. त्या रंगावरून आतले काहीच कळत नाही. कच्च्या राहिलेल्या मांसात फीतकृमीच्या अळ्या असल्या, तर त्या खाणाऱ्याच्या आतड्यात वाढतात. मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्या मरतात.

आता चटणीकडे वळू. तिच्यातली साखर रक्तात उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन हे संप्रेरक सोडते. ते १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी वेगळे केले. गंमत पाहा, डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा ५१ पैकी एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते! म्हणूनच अनेक दशके मधुमेही रुग्णांना ते टोचले जाई. मांसातील प्रथिने व चरबी यांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि साखर रक्तात हळूहळू पोचते. पण म्हणून वाटीभर गोड चटणी खाऊ नये. अननसाला स्वतःची गोडी असते. वरून साखर घालायची ती बेताने. संप्रेरकांना मानवणारे जेवण म्हणजे एवढेच, त्यात जादू नाही.

तुमच्या घरी मांस शिजत नसेल, तरी बिघडत नाही. बटाट्याचे २ आणि ४ सेंटिमीटर बाजूचे दोन घन कापा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन दोन्ही एकाच वेळी उकळत्या पाण्यात टाका. ५ मिनिटांनी बाहेर काढून मधोमध चिरा. लहान घन पार शिजलेला असेल, मोठ्याच्या पोटात मात्र पांढरा, कच्चा गाभा दिसेल. मोठा पूर्ण शिजायला किती मिनिटे लागतील? आधी गणिताने अंदाज वहीत लिहा आणि मगच नवा घन पाण्यात टाका.