वनांचे पुनरुज्जीवन : लोकसहभागाकडून लोकहक्काकडे

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे एकूण भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. त्यात वनक्षेत्राबाहेरील वृक्षाच्छादन मिळविल्यास हे प्रमाण २५.१७ टक्के होते. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने वने व वृक्षांखालील क्षेत्राचे उद्दिष्ट देशासाठी किमान एक तृतीयांश, तर डोंगराळ प्रदेशासाठी दोन तृतीयांश ठेवले आहे. २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर अवनत जमीन पूर्वस्थितीत आणण्याचे उद्दिष्टही भारताने २०१९ मध्ये जाहीर केले. हे अंतर कोणत्या मार्गाने भरून काढावयाचे, हा वनव्यवस्थापनातील कळीचा प्रश्न आहे.

आकडेवारीचा अर्थ

किमान एक हेक्टर क्षेत्रावर वृक्षांच्या छत्राची घनता १० टक्के वा त्याहून अधिक असेल, तर अहवालात ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. जमिनीची मालकी वा वृक्षांची जात विचारात घेतली जात नाही. त्यामुळे निलगिरीची लागवड, फळबाग आणि सालचे नैसर्गिक जंगल यांची गणना एकत्रच होते. परंतु जमिनीत पाणी मुरविणे, विविध जीवजातींना आश्रय देणे आणि परिसरातील लोकांना वर्षभर वनोपज पुरविणे ही नैसर्गिक वनाची कार्ये एकाच जातीचे रोपवन करू शकत नाही. तसेच गवताळ माळराने म्हणजे पडीक जमीन नव्हे. तेथे सरसकट वृक्षलागवड केल्यास माळढोकासारख्या पक्ष्यांचा अधिवास नष्ट होतो. म्हणूनच पुनरुज्जीवन आणि वृक्षारोपण हे समानार्थी शब्द नाहीत.

अराबारीचा प्रयोग

पश्चिम बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात अराबारी येथील सालचे जंगल सततची तोड व चराई यांमुळे झुडपी बनले होते. सालचे झाड तोडले तरी त्याची मुळे जिवंत राहतात व बुंध्यातून नवे फुटवे येतात. हे फुटवे दरवर्षी तोडले किंवा चरले गेल्यास वन वाढत नाही. काही वर्षे संरक्षण मिळाल्यास नव्या लागवडीवाचूनही ते उभे राहते. १९७१-७२ मध्ये वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांना सुमारे १,२७२ हेक्टर वनाच्या राखणीत सहभागी करून घेतले. त्याबदल्यात वनकामात रोजगार, जळण व गवत घेण्याची मुभा आणि लाकूडविक्रीच्या उत्पन्नात २५ टक्के वाटा देण्याचे ठरले. पुढील दशकभरात हे वन पुन्हा उभे राहिले.

संयुक्त वनव्यवस्थापन

१९८८ च्या धोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय संतुलनाला अग्रक्रम दिला आणि वनसंरक्षणात लोकांच्या सहभागाचा पुरस्कार केला. त्यानुसार केंद्र शासनाने १ जून १९९० रोजी संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. कालांतराने देशात एक लाखाहून अधिक समित्या स्थापन झाल्या. तथापि, या समित्यांचा आधार कायदा नसून शासकीय आदेश हा होता. वाट्याचे प्रमाण राज्यागणिक वेगळे राहिले आणि महत्त्वाचे निर्णय बहुतांशी वनविभागाच्याच हाती राहिले. गावाने वर्षानुवर्षे राखलेल्या वनाचा लाभ गावाला मिळेलच, याची हमी नव्हती. अनेक ठिकाणी प्रकल्पाचा निधी संपताच समित्या निष्क्रिय झाल्या, यामागे हे एक प्रमुख कारण होते.

वनहक्क कायदा, २००६

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. वैयक्तिक हक्कांची चर्चा अधिक होत असली, तरी त्यातील सामूहिक तरतुदी वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक दूरगामी आहेत. कलम ३(१)(झ) गावाला परंपरेने राखलेल्या सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. कलम ५ वने, वन्यजीव, जैवविविधता व जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार व जबाबदारी हक्कधारक आणि ग्रामसभेकडे सोपविते. म्हणजे हक्क व कर्तव्य यांची सांगड कायद्यानेच घातली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तरीही बांबूविक्रीत अडचण आली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होत होती, तर वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज मानतो. २०११ मध्ये वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आल्यावरच गावाला आपला बांबू विकता आला. हक्काची मान्यता व हक्काचा वापर यांतील अंतर या उदाहरणावरून स्पष्ट होते.

समारोप

अराबारीने राखणीचे फळ दाखविले; मेंढ्याने राखणाऱ्याचा हक्क अधोरेखित केला. वनाच्या पुनरुज्जीवनास दोन-तीन दशके लागतात, रोपवनाचे अंदाजपत्रक मात्र काही वर्षांचेच असते. एवढा दीर्घकाळ वनाची राखण तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा समाजच करू शकतो. मात्र त्यासाठी वनाच्या भवितव्यावर त्याचा कायदेशीर अधिकार असला पाहिजे.

सरावासाठी प्रश्न : "वनाच्छादनातील वाढ म्हणजे वनपरिसंस्थेचे पुनरुज्जीवन नव्हे." संयुक्त वनव्यवस्थापन व वनहक्क कायदा यांच्या संदर्भात चर्चा करा.