गल्ल्यावरून उठलात, आता खुर्ची कुठे टाकणार?

कळंबच्या एका दुकानदाराने मला विचारलं, "सर, दोन पोरं कामाला ठेवली, पण गिऱ्हाईक आलं की मीच पुढे होतो. काय करू?" याचं उत्तर मला बॅडमिंटनमध्ये सापडलं.

मथियास बो हा डेन्मार्कचा डावखुरा दुहेरी खेळाडू. कार्स्टन मोगेन्सनसोबत २०११ आणि २०१५ ला ऑल इंग्लंड जिंकला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं. २०२० ला खेळणं थांबवलं आणि पुढच्या वर्षी भारताच्या दुहेरी जोड्यांचा कोच झाला. आपला मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी त्याच्या हाताखाली आले.

ही जोडी त्याने लावलेली नव्हती, ती आधीचे मलेशियन कोच टॅन किम हर यांनी लावली. म्हणजे बोला चालू दुकान मिळालं. सात्त्विकचा स्मॅश तर असा की २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रम नोंदला गेला! खपणारा माल होताच. बोने मेहनत घेतली ती बचावावर, म्हणजे जिथे दुकान गळत होतं तिथे. २०२२ ला थॉमस कप आणि राष्ट्रकुलचं सुवर्ण आलं. २०२३ ला हांगझोऊत एशियाडचं सुवर्ण, बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं. त्याच महिन्यात जोडी जगात एक नंबर.

आता खुर्चीचं बघा. सामन्यात कोच कोर्टाच्या मागे बसतो. शटल खेळात असताना बोलायचं नाही. ११ गुणांवर ६० सेकंद, दोन गेममध्ये १२० सेकंद, एवढाच निवांत वेळ. ऑलिंपिक पदकवाला असला तरी रॅकेट हातात घेता येत नाही.

मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या दुकानात मुलगा गिऱ्हाइकाला भाव सांगत असताना मी मध्येच म्हणालो, "थांब, मी बघतो." असं चार-पाचदा झालं. नंतर तो भाव सांगायचाच बंद झाला, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे बघायचा. दिवाळीच्या तोंडावर काम सोडून गेला. चूक माझीच होती.

तुम्ही म्हणाल, गप्प बसलो आणि गिऱ्हाईक गेलं तर? जाईल. २०२४ ला पॅरिसमध्ये सात्त्विक-चिरागने उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम २१-१३ घेतला, पुढचे दोन्ही गेम मलेशियाच्या आरोन चिया-सोह वूई यिक यांनी नेले. बो खुर्चीवरच होता. त्यानंतर त्याने कोचिंगही थांबवलं. हे खुर्चीवर बसणं सोपं नसतं हो.

तर कळंबकर, उद्यापासून आठवडाभर एवढं करा. खुर्ची गल्ल्यापासून दूर, मागे टाका. गिऱ्हाईक दुकानात असेपर्यंत तोंड बंद. ते पायरी उतरलं की मग बोला, एकच गोष्ट, एका मिनिटात. कुठलं गिऱ्हाईक का गेलं ते वहीत लिहा आणि शनिवारी वही घेऊन मला फोन करा.