सायनस : मुलांच्या सर्दीचे दिवस मोजा



पावसाळ्यात आमच्या चामटोली, बदलापूर भागात भिंतींना ओल धरते आणि वर्गात नाक ओढणारी मुलं वाढतात. मग "याला सायनस झालाय" हे वाक्य ठरलेलंच! पण सायनस हा आजार नाही, तो शरीराचाच भाग आहे.

सायनस म्हणजे काय?
कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधली जागा आणि नाकामागे खोलवर अशा हवेच्या पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात. त्यांतला स्राव बारीक छिद्रांतून नाकात उतरतो. सर्दीने किंवा ॲलर्जीने अस्तर सुजलं की ही वाट बंद होते व स्राव साचतो. यालाच सायनसायटिस म्हणतात. पहिलीतल्या मुलांच्या कपाळातली पोकळी पुरती तयार नसते. ती अनेकदा डोकं दुखतं असं सांगत नाहीत. रात्री खोकतात, तोंडाने श्वास घेतात, वर्गात पेंगतात. आपण त्याला आळस समजतो.

कसे ओळखावे?
१) सर्दी १० दिवसांनंतरही कमी न होणे.
२) बरी होत आलेली सर्दी पुन्हा वाढणे.
३) सलग ३ दिवस जोराचा ताप व घट्ट शेंबूड.
यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. नुसता पिवळा-हिरवा शेंबूड पाहून घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे ते चालत नाही.

घरी काय करावे?
भरपूर पाणी, विश्रांती, आणि मिठाच्या पाण्याचे थेंब. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट १ छोटा चमचा मीठ पुरते. जलनेती आपल्याकडे जुनीच आहे. पण ती शिकून करावी, आणि नळाचं किंवा बोअरचं न उकळलेलं पाणी नाकात कधीच घालू नये. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो.

लगेच दवाखाना कधी?
डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे किंवा गुंगी आल्यास थांबू नका.

सर्दी सुरू झाली ती तारीख वहीत लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न "किती दिवस झाले?" हाच विचारतात. शिक्षकांनीही पेंगणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी एवढं विचारावं, "बाळा, नाक चोंदलंय का?"