चिलखत : इतिहास, हस्तव्यवसाय व गणित यांचा एक समवायी पाठ



शिवजयंती अथवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की खेड्यापाड्यांतील शाळांतून ऐतिहासिक प्रवेशांची तयारी सुरू होते. पुठ्ठ्याच्या तलवारी कापल्या जातात, चंदेरी कागद आणला जातो आणि झाडून साऱ्या मावळ्यांच्या छातीवर चकचकीत पत्रे चढविले जातात. मुलांचा उत्साह अनावर असतो. परंतु या उत्साहाच्या भरात दोन गोष्टींकडे आपले दुर्लक्ष होते. एक, आपण मुलांच्या डोळ्यांसमोर जे उभे करतो ते खरे आहे काय; आणि दुसरी, मुलाच्या अंगावर जे चढवितो ते त्याला सोसवते काय.

प्रस्तुत लेखकाकडून नोकरीच्या आरंभीच्या काळात या दोन्ही चुका घडल्या. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्याने प्रतापगडाच्या प्रवेशासाठी डझनभर 'चिलखते' तयार केली. कडा दुमडल्या होत्या, पण बगलेशी एक कोपरा राहून गेला. झटापटीत एका मुलाने हात उचलला आणि त्याच्या दंडास टाके घालावे लागले. त्या मुलाची आई रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "गुरुजी, मावळे खरंच असा पत्रा घालायचे का?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नाही. पुढील पाठ हे त्या प्रश्नाचेच उत्तर होय. तो इयत्ता चौथी ते सातवीच्या मुलांसाठी असून त्यास सुमारे आठ तासिका लागतील.

पाठाची उद्दिष्टे

(१) शस्त्राघातापासून संरक्षणाची साधने कशी होती व ती कोण वापरीत असे, हे मुलांस समजावे. (२) तारेच्या कड्या गुंफून चिलखताचा एक तुकडा व कापडाची एक टाचलेली बंडी मुलांनी स्वहस्ते करावी. (३) लांबी, वजन व वेळ यांची उदाहरणे मुलांनी आपल्याच कामातून सोडवावीत. (४) अभिनय करताना स्वतःच्या व सवंगड्याच्या अंगास इजा होऊ न देण्याची सवय लागावी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा पाठ आपल्याच जिल्ह्यातील एका रणभूमीपासून आरंभावा. इ. स. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत असता दाऊदखान कुरेशी मोगल फौजेसह त्यांच्या पाठीवर आला. १७ ऑक्टोबर रोजी वणी व दिंडोरी यांच्या परिसरात मोठी लढाई झाली. मोगलांच्या आघाडीस इखलासखान होता. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी केलेल्या वर्णनानुसार त्याच्या लोकांची चिलखते उंटांवर लादलेली होती. मराठे समोर सज्ज दिसताच ते लोक ती उतरवून अंगावर चढवू लागले. सर्वांची तयारी होईपर्यंत खानाला धीर धरवला नाही. थोड्याच स्वारांनिशी तो पुढे धावला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली पडला. त्या दिवशी मराठ्यांनी मोगलांस थोपविले व सुरतेचा खजिना सुखरूप पुढे गेला.

याच लढाईचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो की, महाराज स्वतः बख्तर घालून व हाती पट्टे चढवून घोड्यावर उभे राहिले होते. अर्थात चिलखत मराठ्यांस अपरिचित नव्हते. प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही परंपरागत हकीकत तर प्रत्येक मुलास ठाऊक असते.

मग उंटांवरची चिलखते कशासाठी? येथे शिक्षकाने थांबावे व मुलांस विचार करू द्यावा. कोणी वजन म्हणेल, कोणी ऊन म्हणेल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. लोखंडी जाळी अंगावर घेऊन दिवसभर कूच करणे माणसास व घोड्यास जड जाते. म्हणून ती प्रवासात ओझ्याच्या जनावरावर ठेवीत. परंतु शत्रू अकस्मात पुढे आला तर ती घालण्यास वेळ मिळत नसे. मराठ्यांचे युद्धतंत्र नेमके या अकस्मातपणावर उभे होते. चिलखत ही खर्चाची वस्तू असल्याने ते राजे, सरदार व संपन्न स्वार यांच्या अंगी असे. सामान्य मावळा व बारगीर यांचे संरक्षण म्हणजे डोईचे मुंडासे, पाठीवरची ढाल, जाड कापडाची बंडी आणि मुख्यतः चपळाई. यास्तव नाटकातील प्रत्येक मावळ्यास पत्रा बांधणे म्हणजे त्याचे जे खरे सामर्थ्य, तेच झाकून टाकणे होय.

चिलखतांचे प्रकार

मुलांस पुढील तीन प्रकार सांगितले तरी पुरे. पहिला, लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेली जाळी. हिला फारसीत 'जिरह' म्हणत. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' हे या जिरहचेच रूप आहे, स्वयंपाकघरातील जिऱ्याचे नव्हे, हे सांगितल्यास मुले तो शब्द विसरत नाहीत. दुसरा, जाळीत पोलादी पट्ट्या बसविलेले जिरहबख्तर. पट्ट्या छाती-पोटावर व जाळी सांध्यांवर, म्हणजे संरक्षणही होते व हालचालही. तिसरा, कापूस अथवा कापडाचे थर टाचून केलेला जाड अंगरखा. तो एकटाही घालीत व लोखंडी चिलखताखालीही घालीत.

हस्तव्यवसाय : कड्यांची जाळी

साहित्य : १.६ मि.मी. जाडीची, जस्त चढविलेली मऊ तार, ८ मि.मी. जाडीची गुळगुळीत सळई, दोन लहान पकडी, तार तोडण्याची पक्कड, कानस. द्राक्षबागेच्या मांडवाची तार आपल्या भागात सहज मिळते, परंतु ती फार ताठ असल्याने मुलांच्या हातांस वळत नाही. ती वापरू नये.

कृती : तार सळईभोवती वेढ्यास वेढा लावून घट्ट गुंडाळावी. सळई काढून घेतली की स्प्रिंगसारखे वेटोळे उरते. त्याचा एकेक वेढा एका रेषेत तोडला म्हणजे कड्या सुट्या होतात. तोडण्याचे काम शिक्षकाने स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून व मुलांस दूर बसवून करावे. तारेचे तुकडे उडतात. टोके कानशीने घासावीत.

कडी उघडताना तिची टोके बाजूंस फाकवू नयेत. एक टोक पुढे व दुसरे मागे असे पिळावे, म्हणजे मिटताना गोलाई बिघडत नाही. एका उघड्या कडीत चार मिटलेल्या कड्या ओवून ती मिटावी. मग मधली कडी ठेवून दोन कड्या वर व दोन खाली अशा पसराव्यात. पुढील उघडी कडी खालच्या दोन कड्यांतून घालून तीत आणखी दोन मिटलेल्या कड्या ओवाव्यात. अशी पट्टी वाढत जाते व पट्ट्या शेजारी-शेजारी जोडल्या की जाळी होते. मधल्या प्रत्येक कडीतून चार कड्या गेल्या पाहिजेत, हा एकच नियम मुलांनी ध्यानी धरावा. चार-चार मुलांच्या गटाने वीतभर लांब-रुंद तुकडा केला तरी उद्दिष्ट साधते. पूर्ण चिलखत करण्याचा हव्यास धरू नये.

येथे एक गोष्ट मुलांस प्रामाणिकपणे सांगावी. आपल्या कडीची टोके नुसती भिडलेली असतात. जोराचा घाव बसल्यास ती उघडेल. जुने कसबी कारागीर कडीची टोके एकमेकांवर आणून, ठोकून चपटी करीत व त्यांतून बारीक रिबीट मारीत. तसल्या एका कडीस किती मेहनत पडत असेल याचा अंदाज आपली साधी कडी मिटताना मुलांस आपोआप येतो. गावात लोहार किंवा तांबट असेल तर त्यास शाळेत बोलावून एक रिबीट मारून दाखविण्याची विनंती करावी. मात्र जस्ताची तार भट्टीत घालू नये. तिचा धूर अपायकारक असतो.

गणिताशी समवाय

एका कडीस सुमारे ३ सें.मी. तार लागते. तर १०० कड्यांस किती? ३ मीटर. १०,००० कड्यांस? ३०० मीटर. या तारेचे वजन मीटरला सुमारे १६ ग्रॅम भरते. म्हणजे १०,००० कड्या पावणेपाच किलोच्या जवळपास झाल्या. एक कडी गुंफण्यास एक मिनिट धरले तर १०,००० कड्यांस १६६ तास ४० मिनिटे लागतील. रोज पाच तास काम केल्यास किती दिवस? ३३ दिवस पुरे होऊन थोडे काम उरेलच. मुलांनी आपल्या तुकड्यातील ५ सें.मी. बाजूच्या चौरसात कड्या मोजाव्यात व त्यावरून मोठ्या माणसाच्या अंगरख्यास किती कड्या लागतील याचा अंदाज करावा. चिलखत सरदारांच्याच अंगी का, याचे उत्तर मुलांना येथे पाटीवर मिळते.

हस्तव्यवसाय : टाचलेली बंडी

हा भाग मुलांच्या घरीच शिकता येतो. आपल्या गावोगावच्या माता-भगिनी जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून, धाव दोरा घालून गोधडी शिवतात. मावळ्याची बंडी याच रीतीने करावी. पाच-सहा थर जुळवून बोटभर अंतरावर उभे टाके घालावेत. बाह्या नसाव्यात, बाजूंस नाड्या असाव्यात. शाळेत एखाद्या आजीबाईंस बोलावून टाका शिकून घ्यावा. ही बंडी स्वस्त आहे, मुलास टोचत नाही आणि इतिहासाशीही जुळते.

विज्ञानाचा एक प्रयोग

मऊ मातीचे सारख्या आकाराचे चार गोळे करावेत. शिक्षकाने आवळ्याएवढा एक गोल दगड एक मीटर उंचीवरून प्रत्येक गोळ्यावर सोडावा : पहिला गोळा उघडा, दुसऱ्यावर कड्यांची जाळी, तिसऱ्यावर टाचलेले कापड, चौथ्यावर कापड व त्यावर जाळी. पडलेले खळगे मुलांनी काडीने मोजावेत. जाळीखालच्या गोळ्यातही खळगा पडतो व त्यात कड्यांचे ठसे उमटतात, हे पाहून मुले चकित होतात. जाळी धारेस अडविते, धक्क्यास नाही. धक्का कापड पसरविते. म्हणून चिलखताखाली जाड अंगरखा हवा.

परिधान व अभिनय

मोठ्या माणसाचे पुऱ्या बाह्यांचे कड्यांचे चिलखत सामान्यतः आठ-दहा किलोच्या आसपास असते. त्याचा सारा भार खांद्यांवर येतो. कमरेस शेला घट्ट बांधला की त्यातील काही भार कमरेवर उतरतो. शेला ही केवळ शोभा नव्हे, हे मुलांस दाखवावे. मात्र दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे २०२० च्या दप्तर-धोरणात सांगितले आहे; तोच दंडक येथे पाळावा. तीस किलोच्या मुलाच्या अंगावर तीन किलोंहून अधिक काही चढवू नये. खरे चिलखत त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके होईल. म्हणून कड्यांची जाळी केवळ महाराज अथवा खान यांच्या छातीवर, बंडीवर टाचून, लहान तुकड्याच्या रूपात असावी. पत्रा कोणाच्याही अंगावर नसावा.

जुनी युद्धे प्रत्यक्ष करून दाखविण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी आहे. इंग्लंडात १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचे प्रयोग हौशी मंडळी तेथील रणभूमीवर करतात व अनेकजण आपले चिलखत स्वतः गुंफतात; परंतु शस्त्रे बोथट असतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळांची परंपरा चालत आली आहे, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. तेथेही वस्ताद आधी पवित्रा शिकवितो, वार मागाहून. शाळेत तर वार नकोतच. दोन मुलांत हातभर अंतर राखावे, घाव ढालीच्या दिशेने व तोंडी मोजणीवर घ्यावा, आणि डोक्याकडे कोणतीही वस्तू उचलू नये. तालीम सकाळी अथवा सावलीत घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. इखलासखानाच्या लोकांची चिलखते उंटांवर का होती? त्याचा काय परिणाम झाला?
२. जाळी कशास अडविते व कापड कशास?
३. आपल्या गटाच्या तुकड्यात किती कड्या आहेत? त्यांस किती तार लागली?
४. सामान्य मावळ्याचे संरक्षण कशात होते?

हा पाठ घेताना चंदेरी कागदाचा झगमगाट कमी होईल व काही पालक कदाचित नाराजही होतील. परंतु ज्या मुलाने शंभर कड्या आपल्या बोटांनी मिटल्या आणि आजीच्या हातची बंडी अंगात घातली, त्याला मावळ्याविषयी जे कळेल ते पत्र्याच्या चिलखताने कळणार नाही. दिंडोरी तालुक्यातील शाळांनी हा प्रयोग अवश्य करावा. त्यांच्या शिवारातच हा इतिहास घडला आहे. पाठ घेताना आलेले अनुभव व अडचणी शिक्षकांनी आपल्या केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवाव्यात, म्हणजे पुढील पुस्तिकेत त्यांचा विचार करता येईल.